घरच्या साबण पावडरीने दर उन्हाळ्यात टॉवेलचे पापड का होतात

आधी लक्षणं सांगतो, तुमची जुळत असतील तरच पुढे वाचा. घरी केलेली कपड्यांची पावडर, पहिला महिना दीड महिना एकदम झकास, आपण चार नातेवाईकांना रेसिपी पण पाठवून मोकळे, आणि मग हळूहळू टॉवेल कडक व्हायला लागतात, पांढरे बनियन राखाडी दिसतात, काळ्या टीशर्टवर वाळल्यावर पिठाचा हात लागल्यासारखे पट्टे, मशीनच्या दाराच्या रबरात बोट फिरवलं की करड्या रंगाची चिकट साय. आणि सगळ्यात वैताग म्हणजे वास. टॉवेल कपाटात असेपर्यंत ठीक असतो, अंग पुसून ओला झाला रे झाला की ओट्यावरच्या फडक्याचा वास. मग आपण रेसिपी बदलतो, जरा बरं वाटतं, पाऊस सुरू झाला की सगळं आपोआप सुधारतं, आणि होळीच्या आसपास परत पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं चाललं होतं. आम्ही पुण्याच्या पिसोळीत राहतो, गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं पण आमच्या सोसायटीचं पाणी अजून मुख्यतः बोअर आणि टँकरवरच आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो कारण उत्तर तिथेच आहे, फक्त मला ते कळायला तीन उन्हाळे लागले.

पहिल्यांदा लक्षात आलं ते मला नाही, आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींना. दोरीवरून टॉवेल काढताना त्यांनी तो उभा धरला आणि तो खरंच उभा राहिला, वाकला नाही. म्हणाल्या, "दादा, ह्याने अंग पुसायचं का भांडी घासायची?" मी हसलो आणि म्हटलं ऊन कडक आहे मावशी. ऊन कडक होतं हे खरं, पण ते आईकडे नारायण पेठेत पण कडकच असतं आणि तिकडचे टॉवेल असे होत नव्हते. हा मुद्दा त्या दिवशी डोक्यात यायला हवा होता, आला नाही.

माझी रेसिपी सगळीकडे फिरते तीच होती, कपड्यांचा साबण किसून दोन वाट्या, धुण्याचा सोडा एक वाटी, टाकणखार म्हणजे बोरॅक्स एक वाटी, सगळं मिक्सरमधून फिरवून डब्यात. (मिक्सरचं भांडं यासाठी वेगळं ठेवा. आमच्याकडे एकदा शेंगदाण्याची चटणी साबणाची लागली आणि त्यानंतर घरात माझी जी काही इज्जत होती ती गेली.) मशीनला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास. खर्च फार नाही, वास छान, आणि आपण काहीतरी शहाणपणाचं करतोय अशी एक गुर्मी असते ती वेगळीच.

आता मी काय काय चुकीचं केलं ते सांगतो, कारण तुम्ही पण बहुतेक त्यातलंच काहीतरी करत असणार.

कपडे नीट निघत नाहीत म्हणून पावडर वाढवली, दोनाचे चार चमचे केले. टॉवेल अजून कडक. मग शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घातलं. पहिल्या दोन धुण्यांना टॉवेल जरा मऊ वाटले आणि मग ते तेलकट झाले, म्हणजे हाताला मेण लागल्यासारखे, पाणी त्यांच्यावरून ओघळून जायचं. मग बाजारातलं कपडे मऊ करायचं लिक्विड आणलं, त्याने वास झाकला गेला पण टॉवेल पाणी प्यायचे ते पूर्णच बंद झाले, आणि तसंही ते लिक्विड म्हणजे धाग्यावर एक थर चढवूनच मऊपणा देतं, तेव्हा थरावर थर. मग पांढऱ्यांना नीळ. निळीने राखाडीचं निळसर राखाडी होतं. मग साबणाचा ब्रँड बदलला, टाकणखार काढून टाकला, परत घातला, सोडा वाढवला. मध्ये एकदा खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र पण घालून बघितलं, ते फसफसतं म्हणून जोरदार काम करतंय असं वाटतं, प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि आपल्या हातात जवळपास मिठासारखं निरुपद्रवी पाणी उरतं.

आणि सगळ्यात मोठा गाढवपणा शेवटी सांगणार होतो पण आत्ताच सांगतो. आरओ प्युरिफायरमधून जे पाणी वाया जातं ना, ते मी नळीने बाल्कनीत बादलीत साठवायचो आणि कपडे भिजवायला तेच वापरायचो. पाणी वाचतं म्हणून. स्वतःवर फार खूश होतो मी या आयडियेवर.

उलगडा झाला तो एका योगायोगाने. मागच्या मार्चमध्ये आईला माझ्याच डब्यातली अर्धा किलो पावडर दिली होती. एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो तर बाबांचे बनियन दोरीवर चकचकीत पांढरे आणि मऊ, आणि आई म्हणतेय की तुझी पावडर मस्त आहे रे, अजून आण. तोच डबा, तोच घाणा, तोच महिना. फरक एकच, तिच्या नळाला खडकवासला धरणाचं पाणी आणि माझ्या नळाला टँकरचं.

शाळेत सगळ्यांनी वाचलंय हे, सुफेन आणि दुष्फेन पाणी, दोन मार्कांना यायचं, मी पाठ पण केलं होतं. पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण फेस न देता त्यांच्याशी संयोग पावून साका तयार करतो. हे वाक्य लिहून मार्क मिळवले आणि तीस वर्षांनी तोच साका मशीनच्या रबरातून बोटाने काढत बसलो. धरणातलं पाणी पावसाचं, ते दगडात मुरून फार काळ बसलेलं नसतं म्हणून मऊ. बोअरचं पाणी खडकातून झिरपत झिरपत येतं, वाटेत क्षार गोळा करतं. पावसाळ्यात आमची सोसायटी गच्चीवरचं पाणी गाळून खालच्या टाकीत घेते, त्यामुळे ते चार महिने पाण्यातले क्षार कमी व्हायचे आणि मला वाटायचं माझी नवीन रेसिपी लागू पडली. दर वर्षी रेसिपी जूनमध्ये बदलायचो ना, त्यामुळे दर वर्षी यशस्वी.

आता तुम्ही काय करायचं. रेसिपीला अजिबात हात न लावता आधी पाणी तपासा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत तुमच्या नळाचं पाणी, दुसरीत आरओचं प्यायचं पाणी किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, दोन्ही अर्ध्या. दोन्हींत नखाएवढा साबणाचा कीस. साबणच हं, डिटर्जंटची वडी नाही. झाकण लावून वीस तीस वेळा हलवा. चांगल्या पाण्याच्या बाटलीत वर फेसाची टोपी राहते आणि खालचं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसतं. माझ्या नळाच्या बाटलीत फेस आला तो अर्ध्या मिनिटात बसला आणि पाणी ताकासारखं झालं, वर बारीक कण तरंगायला लागले, फाटलेल्या दुधाचे असतात तसे. ते कण म्हणजे तुमच्या काळ्या टीशर्टवरचे पट्टे. तुमच्या दोन्ही बाटल्या सारख्या दिसल्या तर पाण्याचा प्रश्न नाही, मग तुम्ही एकतर पावडर जास्त घालताय किंवा मशीन खच्चून भरताय, ते बघा.

आकडा हवा असेल तर माशांच्या दुकानात, म्हणजे फिश टँकवाल्यांकडे, पाण्याची हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, बघायचं थेंबांचं किट मिळतं. मी आणलं ते असं की छोट्या नळीत ५ मिली पाणी घ्यायचं आणि एक एक थेंब मोजत टाकायचे, रंग नारिंगीचा हिरवा झाला की थांबायचं, एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. आईकडचं पाणी तिसऱ्या थेंबाला हिरवं. माझ्या नळाचं, टाकतोय टाकतोय, नारिंगीच, मुलगी शेजारी उभी राहून मोठ्याने मोजत होती, सत्ताविसाव्या थेंबाला झालं एकदाचं. म्हणजे ४८० च्या आसपास. मग ती बाल्कनीतली आरओची बादली घेतली. अडतीस थेंब. आरओ करतो काय तर शुद्ध पाणी एकीकडे काढतो आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतो, आणि ते उरलेलं मी पांढरे कपडे भिजवायला वापरत होतो. ते पाणी आता फरशी आणि संडासला जातं. तिथे पण रोज तेच वापरलं की टाइल्सवर पांढरे डाग बसतात, पण ते परवडलं.

एक सावध करतो, टीडीएसच्या पेनाने हे कळत नाही. टीडीएस सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात साधं मीठ पण आलं आणि ते साबणाचं फार काही बिघडवत नाही. सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचा प्लांट, असेल तर तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो पण पाणी मऊ झालेलं असतं. उलट सॉफ्टनरमध्ये मीठ भरायचंच कोणी विसरलं तर तो प्लांट नुसता शोभेचा, पाणी आत येतं तसं बाहेर जातं. तुमच्याकडे सॉफ्टनर असूनही टॉवेल कडक होत असतील तर आधी वॉचमनला विचारा शेवटची मिठाची गोणी कधी आली. भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. म्हणजे माझं ४८० चं पाणी कागदावर गुन्हेगार नाही. साबणासाठी मात्र आहे.

किती, ते एकदा हिशोब करून बघा, मी केला आणि गप्प बसलो. ५०० कठीणपणाच्या एका लिटर पाण्यात साधारण ३ ग्रॅम शुद्ध साबण नुसता क्षारांशी भांडण्यात संपतो, कपड्यापर्यंत पोचतच नाही. वरून कपडे टाकायच्या मशीनने एका धुण्याला ५० लिटर पाणी घेतलं असं धरा, म्हणजे १५० ग्रॅम. अंगाच्या साबणाची एक अख्खी वडी, आणि ती मळ काढायला सुरुवात करायच्या आधीच. मी घालत होतो ३० ग्रॅम पावडर, त्यात साबण अर्धा. म्हणजे गेली तीन वर्षं माझे कपडे साबणाने धुतलेच जात नव्हते, साक्यात घोळले जात होते. पावडर वाढवली की टॉवेल अजून कडक का व्हायचे याचं उत्तर हेच, जास्त साबण म्हणजे जास्त साका. तो धाग्यांमध्ये बसतो, त्यात अंगाचं तेल अडकतं, तेलावर जंतू पोसले जातात, आणि ओलं झालं की वास. व्हिनेगरने तेलकट का झाले ते पण कळलं, साक्यावर आम्ल पडलं की त्यातलं कॅल्शियम सुटतं पण साबणाची मूळ चरबी मोकळी होऊन धाग्यातच राहते. आधी साका काढायला हवा होता, आम्ल नंतर.

तर आता आधीच बिघडलेले कपडे सुधारायचं कसं. हे फक्त सुती आणि पक्क्या रंगाच्या कपड्यांना, रेशीम आणि लोकर अजिबात नाही, धुण्याच्या सोड्याने त्यांचा धागा खराब होतो. मोठ्या बादलीत मिळेल तेवढं मऊ पाणी घ्या, मी आईकडेच दोन पिशव्या टॉवेल घेऊन गेलो सरळ. २० लिटर, कडकडीत गरम, हात घालवणार नाही इतपत. त्यात चार चमचे धुण्याचा सोडा आणि दोन चमचे बाजारातली साधी डिटर्जंट पावडर, हो, विकतची. टॉवेल बुडवून काठीने ढवळायचे आणि चार पाच तास सोडून द्यायचं. मी तासाभराने झाकण काढलं तर पाणी बिनसाखरेच्या चहासारखं, आणि ते धुतलेले टॉवेल होते बरं का, आदल्या आठवड्यात धुतलेले. आईने एकदा पाण्याकडे बघितलं एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली तिकडे अंघोळ तरी करता ना रे. मग दोनदा साध्या पाण्यातून काढायचे आणि शेवटच्या बादलीत अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, ज्याला वाण्याकडे लिंबूसत्व म्हणतात तेच. आता ते मऊ होतात. माझे दोन टॉवेल एकदाच करून पुरले नाहीत, दुसऱ्यांदा करावं लागलं, आणि एक काळा टीशर्ट गेला तो गेलाच, त्याचे पट्टे निघाले पण रंग पण निघाला.

मशीनच्या आतला थर वेगळा काढायला लागतो. रिकामी मशीन, १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड ड्रममध्ये, ६० डिग्रीला लावून द्यायची, झालं की रबर पुसून घ्यायचं. यावेळी ब्लीच कुठेही जवळ नको. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीनचा गॅस निघतो, आणि हे बाथरूममध्ये पण लागू आहे, टॉयलेट क्लीनर आम्लाचं असतं, त्यावर ब्लीच ओतायचं नाही. घरच्या घरी क्लीनर करणारे आपण लोक हे आणि ते मिसळायला फार उतावळे असतो म्हणून ठळक सांगतोय.

पुढे परत होऊ नये म्हणून काय, इथे मी तीन गोष्टी करून बघितल्या आणि तिन्ही आपापल्या जागी चालतात.

पहिली, पाणीच आदल्या रात्री मऊ करून ठेवणे. बाल्कनीत २०० लिटरचं निळं पिंप आहे, टँकरचं पाणी भरलं की त्यात धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतायचा, काठीने पाच मिनिटं ढवळायचं आणि हात लावायचा नाही. माझ्या पाण्याला २०० लिटरमागे १०० ग्रॅम लागतो, बादलीला त्याच हिशोबाने १० ग्रॅम म्हणजे दोन छोटे चमचे. सकाळी तळाला पांढरी भुकटी बसलेली दिसते, चुन्याची निवळी करतात तसं, वरचं पाणी मगने अलगद काढायचं आणि तळ ढवळायचा नाही. बरेच जण सोडा साबणाबरोबरच मशीनमध्ये घालतात, मी पण घालायचो, त्यात सोडा आणि साबण दोघं एकाच वेळी कॅल्शियमवर तुटून पडतात आणि जी भुकटी पिंपाच्या तळाला बसायला हवी ती कपड्यांत बसते. एक गोष्ट मात्र बघून घ्या, सोडा दोन प्रकारचा मिळतो, पांढरी कोरडी पावडर ज्याला सोडा ॲश म्हणतात, आणि काचेसारखे खडे. खड्यांत अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, त्यामुळे ते अडीच तीन पट घालावे लागतात. रविवार पेठेत बोहरी आळीत पावडर सुटी मिळते. आणि खायचा सोडा हा धुण्याचा सोडा नाही, या कामाला त्याचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट माझ्या आवडीची, आणि हिच्यात तो फसफसाट खरंच कामाचा आहे. व्हिनेगरऐवजी सायट्रिक ॲसिड घ्या. ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड उंच पातेल्यात दीड दोन वाटी कोमट पाण्यात विरघळवा आणि त्यात ६५ ग्रॅम खायचा सोडा चमच्या चमच्याने सोडत जा, एकदम नाही, एकदम घातला तर ओटा पुसत बसाल. फसफसणं थांबलं की उरतं ते सोडियम सायट्रेट. याची गंमत अशी की हे कॅल्शियम खाली बसवत नाही, पाण्यातच धरून ठेवतं, त्यामुळे भुकटी पण नाही आणि साका पण कमी. एका बादलीला अर्धी वाटी, पाच मिनिटं थांबून मग साबण. स्वस्त नाही पडत, एवढ्यात तीनच बादल्या होतात, म्हणून मी हे फक्त मुलीचे शाळेचे पांढरे शर्ट भिजवायला करतो. थोडं थोडंच करा, आठ दहा दिवसांनी बाटलीत बुरशीचे तंतू दिसायला लागतात.

तिसरी गोष्ट काही जणांना आवडणार नाही. फेब्रुवारी ते जून मी मशीनला घरची पावडर घालतच नाही, विकतचं डिटर्जंट घालतो. हरलो म्हणा हवं तर. पण डिटर्जंट हा साबण नाही, त्याचा कॅल्शियमशी असा फाटल्यासारखा साका होत नाही, कठीण पाण्यात तो निभावून नेतो. निरमाची गोष्ट आठवा, करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादला घराच्या मागच्या अंगणात पावडर करून सायकलवरून विकली, म्हणजे आपल्यासारखीच घरगुती पावडर. पण तो माणूस केमिस्ट होता, त्याने साबण नाही किसला. आता घरी डिटर्जंट करायचे किट पण मिळतात, ॲसिड स्लरी आणि कॉस्टिक सोडा वगैरे, ते मी एकदा केलंय आणि परत करणार नाही. दोन्ही कातडी जाळतात, हातमोजे चष्म्याशिवाय झाकण उघडू नका, ॲल्युमिनियमचं पातेलं तर नकोच, कॉस्टिक ते खातं. लहान मुलं असलेल्या घरात पाच लिटरमागे जे काय शंभर रुपये वाचत असतील ते मला नकोत.

साबणच किसायचा असेल तर निदान वेष्टन वाचा. टीएफएम, म्हणजे चरबीचं प्रमाण, लिहिलेलं असेल तर तो साबण, डिटर्जंट केक लिहिलं असेल तर डिटर्जंट. कुणाचीतरी पावडर बोअरच्या पाण्यात पण मस्त चालते असं ऐकलं की मी आधी हेच विचारतो, काय किसलं होतं. दहातल्या सहा वेळा निळी डिटर्जंटची वडी निघते.

रिठ्याबद्दल पण विचारतात म्हणून. रिठा कठीण पाण्यात साका करत नाही, पण त्याची मळ काढायची ताकद बेताची, शर्टाची कॉलर निघत नाही. शाली, स्वेटर, रेशमी साड्या यांना एक नंबर, बायको तिच्या आईच्या जुन्या साडीला दुसरं काही लावू देत नाही. रिठा उकळलेलं पाणी उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, फक्त ट्रेवर नाव लिहा, पाहुण्यांच्या सरबतात गेला होता एकदा.

बाकीच्या घरगुती लिक्विडांना पण हेच पाणी नडतं. साबणाच्या बेसचं फिनाईल बोअरच्या पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होण्याऐवजी फाटतं, तेव्हा माल खोटा म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी एकदा आरओच्या पाण्यात थेंब टाकून बघा. भांड्यांचं लिक्विड पातळ झालं तर मात्र पाण्याला दोष देऊ नका, ते मीठ. मिठाने ते घट्ट होतं पण एका हद्दीनंतर तेच मीठ परत पातळ करतं, आणि पातळ झालं म्हणून आपण अजून मीठ घालतो. आणि संत्र्या मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने, ते मी अजूनही करतो, बेसिनला नळांना फार छान. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. पण ते आंबट असतं, आईच्या शहाबादी फरशीवर मी प्रेमाने ओतलं आणि दाराशी एक फिका गोल डाग कायमचा पडला. शहाबादी, कोटा, मार्बल, तिन्हींत चुनाच, आंबट काहीही लावायचं नाही. आता तिथे पायपुसणं असतं.

टॉवेल सुधारला का नाही हे बघायची माझी पद्धत म्हणजे कोरडा टॉवेल ताणून धरायचा आणि चमच्याने एक थेंब सोडायचा. मागच्या एप्रिलमध्ये माझ्या टॉवेलवर थेंब मोत्यासारखा बसून राहिला, मी पंधरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. आईकडे सोडताच गायब. या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला टँकर आला, त्याच रात्री पिंपात सोडा पडला, आणि काल थेंब टाकला तर तीन मोजेपर्यंत आत गेला. मावशींनी टॉवेल काढताना उभा धरून बघितला, तो वाकला.